तांब्या माझ्या हातात होता: आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
सरपंच ताई, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि ग्रामसभेला येणारी गावातली सगळी जाणती मंडळी,

यांना गावातल्या एका मतदार मुलीचा नमस्कार.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस अजून लागलेली नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. १ मेच्या सभेत मी बोलायला उठले तेव्हा 'हा विषय ऐनवेळच्या विषयांत घेऊ' असं सांगण्यात आलं. गटाराचं काम, घरकुलाची यादी आणि पाण्याच्या टाकीचा हिशेब होईपर्यंत दुपारचे दोन वाजले. ऐनवेळचे विषय पुकारले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात मोजून चौदा माणसं उरली होती, त्यातली चार सतरंज्या गोळा करायला थांबलेली. मी दोन वाक्यं बोलले. मागून एक आजोबा म्हणाले, "पोरी, तू उद्या सासरी जाणार. तुला कशाला हे?" आणि सगळे उठले. प्रोसिडिंगमध्ये त्या विषयाची ओळसुद्धा नाही, मी नंतर ग्रामपंचायतीत जाऊन बघून आले.

विषय होता नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडण्याचा.

हे मला कशाला, ते आधी सांगते. माझे काका गेले तेव्हा श्रावण चालू होता. नागपंचमी होऊन आठच दिवस झाले होते. सणाला कासारीण दारात आली होती आणि काकूने दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. काका रात्री छातीत कळ येऊन गेले. सकाळी नऊपर्यंत पाहुणे जमले. तिरडी बांधून झाली आणि प्रेत उचलायच्या आधी बायकांनी काकूला मागच्या दारी मोरीजवळ नेलं. कुणीतरी मला म्हणालं, "पोरी, तांब्याभर पाणी आण." मी आणलं.

दोघींनी काकूचे हात धरले. एकीने दगड घेतला. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांतली एक माझी सख्खी आजी होती आणि ती काकूपेक्षा जास्त रडत होती, कारण तिच्याही बांगड्या अशाच, याच मोरीजवळ फुटल्या होत्या. तेव्हा ती तिशीची होती. काकू "नको, नको" म्हणत नव्हती. ती फक्त हात मागे ओढत होती, लहान मूल इंजेक्शनला ओढतं तसा. बांगड्या नव्या होत्या, लवकर फुटेनात. एक काच अंगठ्याखाली मनगटात घुसली आणि रक्त आलं. मग कपाळावरचं कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं, पायातली जोडवी काढली. मी वरून पाणी ओतत होते. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे धरायचं मडकं घेऊन तो दाराशी उभा होता आणि सगळं बघत होता. सगळं मिळून वीस मिनिटंही लागली नसतील.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात, शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात, आम्ही स्त्री-सन्मानावर पथनाट्य केलं होतं. त्यात माझं मोठं भाषण होतं, टाळ्या पडल्या होत्या. आणि माझ्याच घरच्या मोरीवर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मी तांब्या खाली ठेवला नाही. काकूच्या मनगटावरचा तो व्रण आजही पोळ्या लाटताना दिसतो.

यात एक गोष्ट मला गेल्या वर्षी कळली आणि त्यानंतर माझी झोप उडाली. आपल्या ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव आधीच केलेला होता. काका गेले त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२२ मध्ये. प्रोसिडिंगला आहे, सूचक-अनुमोदक आहेत, 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं आहे. आमच्या घरात तो कुणालाही माहीत नव्हता. ज्या सदस्यांच्या त्यावर सह्या आहेत त्यांच्यापैकी दोघं त्या दिवशी आमच्या अंगणात बसलेले होते.

हा ठराव कुठून आला ते आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं, मे २०२२. तिथल्या ग्रामसभेने ठरवलं की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती. कोरोनाच्या काळात त्यांनी एका ओळखीच्या घरी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. माझ्यामागे माझ्या बायकोवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. हेरवाडनंतर त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं पाऊल टाकायला सांगितलं. आपल्या राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. परिपत्रक आलं, वरून विचारणा झाली, अनेक ठिकाणी ठराव झाले, आपल्याकडेही झाला. तो खाली मोरीपर्यंत कधी पोचलाच नाही.

ठराव आणि मोरी यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. ते अंतर नवं नाही. महाडचं सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची आधीची चार वर्षं आपण विसरतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदोपत्री चवदार तळं सगळ्यांचं झालं होतं. पण २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं पायऱ्या उतरून गेली, ओंजळीत पाणी घेतलं, तोवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना त्या तळ्याचं पाणी प्रत्यक्षात घेता येत नव्हतं. बाबासाहेब तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. त्या दिवशी लोकांनी मार खाल्ला. नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. म्हणजे ठरावाची किंमत कमी नव्हती. ठराव होता म्हणूनच ती माणसं हक्काने पायऱ्या उतरली. पण उतरावं लागलंच.

दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते. विधवांचं केशवपन चालायचं त्या काळातली, १८९० ची. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि त्या सभेत त्यांनी ठरवलं की आम्ही यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. वर्तमानपत्रांत केशवपनावर वाद कितीतरी वर्षं चालू होते. शास्त्रार्थ चालला होता. या लोकांनी शास्त्रार्थ केला नाही. वस्तरा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला.

हे वाचलं तेव्हा मला माझा तांब्या आठवला. कुठलीही प्रथा कुणाच्या तरी हातांनी चालते. दगड कुणीतरी आणतं, पाणी कुणीतरी ओततं, हात कुणीतरी धरतं. घरातली म्हातारी माणसं फक्त सांगतात. धावपळ करतो आम्ही. गावातल्या पंगतीत वाढायला आम्ही, यात्रेत पालखीच्या रस्त्यावरचे दगड वेचायला आम्ही, गणपतीत मांडव घालायला आम्ही. दोन वर्षांपूर्वी वनराई बंधाऱ्यासाठी पोती भरून उचलली तीही आम्हीच. कुणी गेलं की लाकडं, गोवऱ्या, ट्रॅक्टर-ट्रॉली, पाहुण्यांना फोन, सगळं वीस-पंचवीस वर्षांची मुलं करतात. 'तरुणांनी पुढं आलं पाहिजे' असं प्रत्येक झेंडावंदनाच्या भाषणात आम्ही ऐकतो. आम्ही पुढेच असतो, पण ओझं उचलायला. बोलायला उठलो की आम्ही लहान होतो.

आणि आम्ही मुली तर कुठल्याच गावच्या नसतो. माहेरात ग्रामसभेत बोललं तर 'तू उद्या सासरी जाणार.' सासरी बोललं तर 'कालच आलीस, आधी घराची रीत शिक.' मग बाईने बोलायचं तरी कधी? माझी आजी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला साठ वर्षं या गावात झाली आणि ती आजही एकाही ग्रामसभेला आलेली नाही. माझं नाव अठरा वर्षांची झाले तेव्हा मतदार यादीत लागलं. यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो, त्यात 'सासरी जाणारी वगळून' असं कुठे लिहिलेलं नाही. मी जिथे जाईन तिथेही हेच बोलेन. पण जोवर इथे आहे तोवर इथल्या मोरीचा प्रश्न माझा आहे.

'ही आपली परंपरा आहे, शहरातली थेरं इथे नकोत' असं काही जण म्हणतील, म्हणून परंपरेबद्दलही एक सांगते. काका गेल्यावर मी आजीला खूप विचारलं, तेव्हा तिच्या बोलण्यात एक गोष्ट आली. तिच्या आईची धाकटी बहीण तरुणपणी विधवा झाली होती आणि तिचा 'पाट', म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला होता. पुढे तिला तीन मुलं झाली, सून आली, नातवंडं झाली, घरात मान होता. आपल्यासारख्या शेतकरी, कष्टकरी घरांत पाटाची, मोहतराची रीत पिढ्यान् पिढ्या होती. बाई शेतात राबणारी, तिला कोपऱ्यात बसवून घर चालणार कसं? वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींमध्ये विधवांना जे भोगावं लागलं, त्याविरुद्ध १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला, फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसला. ते लोक एकेक बेडी तोडत होते, आणि आपण घरात थोडा पैसा आला, मुलं शिकली, की 'खानदानी' दिसायला त्याच बेड्या उचलून घातल्या. पाट गेला, आणि त्याच्या जागी दगड आला. मग परंपरा कुठली म्हणायची? आजीच्या मावशीची की आजीची? मला विचाराल तर मी मावशीच्या बाजूची आहे.

बांगड्या फुटणं ही तर फक्त सुरुवात असते. त्यानंतरचं सगळं हळू चालतं आणि कुणाला दिसत नाही. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. तिळगूळ काकू वळते, वाणाच्या पिशव्या ती भरते, चहा ती टाकते. बायका आल्या की ती स्वयंपाकघरात जाऊन बसते. कुणी तिला जा म्हणत नाही. माझ्या ताईच्या लग्नात घाणा भरायला पाच सवाष्णी बोलावल्या. ज्या काकूने ताईला लहानाची मोठी केली, शाळेत जाताना रोज तिची वेणी घातली, ती हळद लावायला पुढे आली नाही. ताईने मंडपातून हाक मारली. काकू म्हणाली, "अगं, भाजी बघते." पत्रिकेत तिच्या नावाआधी 'गं. भा.', म्हणजे विधवेच्या नावाआधी लावतात ते 'गंगा भागीरथी', छापलं होतं. काकांच्या नावाआधी, ते हयात असताना, त्यांची बायको आहे की नाही हे सांगणारी अक्षरं कधीच छापली नव्हती.

आता गेल्या डिसेंबरातलं. आपल्या वस्तीवर एक तरुण गेला. घराची ओळख इथे देत नाही, पण तुमच्यातले बरेच जण मातीला होते. बायको एकोणतीस वर्षांची. कळल्याबरोबर मी, माझी मैत्रीण, आशाताई आणि मंडळातली दोन मुलं असे पाच जण गेलो. मी ठरावाची झेरॉक्स पर्समध्ये घेतली होती. ती बाहेर काढली आणि तिथेच चुकले. मयताचे चुलते म्हणाले, "प्रेत दारात आहे आणि तू कागद दाखवतेस?" त्यांचं बरोबर होतं. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला त्या घडीला कागद दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. मी कागद घडी करून ठेवला, आत गेले आणि त्या वहिनीच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. दोन तास मी ते सोडले नाहीत. वेळ आली तेव्हा एक म्हातारी दगड घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. कुणी काही बोलेना. मग तिची सासूच रडत म्हणाली, "राहू दे. माझा गेला तो काय बांगड्या फोडून परत येणार?"

बाहेर आमची दोन मुलं काय करत होती ते सांगायला हवं, कारण माझ्या मते खरं काम त्यांनी केलं. त्यांनी भाषण केलं नाही. लाकडं आणली, ट्रॉली मागवली, मयताच्या भावांबरोबर तिरडी बांधली, आणि बांधता बांधता थोरल्या भावाला हळूच म्हणाले, "दादा, वहिनीला तेवढं करू नका." अंगमेहनतीला पुढे असलेल्या पोरांचं म्हणणं त्याने ऐकलं. त्याने आत निरोप पाठवला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे सासूबाईंच्या त्या एका वाक्याला मागून थोरल्या मुलाचा आधार होता.

संध्याकाळी त्या वहिनीने मंगळसूत्र स्वतःहून काढलं आणि ट्रंकेत नवऱ्याच्या शर्टाखाली ठेवलं. मी तिला अडवलं नाही. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे तिचं तिने ठरवायचं आहे. कुंकू लावलंच पाहिजे अशी सक्ती मला नको आहे, पुसलंच पाहिजे ही सक्ती नको तशीच. तिच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागू नये, इतकंच आम्ही मागतो.

ग्रामसभेकडे मागणं काय ते आता लिहिते.

नवा ठराव नको, जुना आहे तो वर काढा. १५ ऑगस्टला विषयपत्रिकेत पहिल्या पाच विषयांत घ्या, सभा भरलेली असताना वाचा, आणि त्याआधी जी महिलांची सभा होते तिथेही वाचा. सरपंच ताई, तो तुम्ही स्वतः वाचा. भाऊसाहेबांच्या आवाजात तो परिपत्रकासारखा वाटतो, तुमच्या आवाजात तो गावचा वाटेल. तुम्ही गेली दोन वर्षं या खुर्चीवर बसता तेव्हा कोण काय बोलतं हे मला माहीत आहे. या एका विषयावर गावातल्या मुली तुमच्या मागे उभ्या राहतील, हा शब्द देते.

दंड मात्र लावू नका. काही जण उत्साहाने म्हणतात, जो प्रथा पाळेल त्याला पाच हजार दंड, त्याच्या घरच्या कार्याला कुणी जाऊ नये. हे ऐकून मला भीती वाटते. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे, आणि तो जात-पंचायतींच्या अशाच दंडांमुळे करावा लागला. ज्या घरात मरण झालं त्या घरावर आणखी एक दहशत बसवून काय साधणार? माझी आजी दगड घेणाऱ्यांतली होती. तिला दंड करून ती बदलली नसती. काकूची संक्रांत बघून ती बदलते आहे, थोडी थोडी.

मग ठरावामागे बळ कसलं? आमचं. मुलं आणि मुली मिळून आठ-दहा जण तयार आहोत. गावात मयत झालं की आम्ही जाणार, आधी काम करणार, मग बोलणार. ग्रामसभेने एवढंच लिहून द्यावं की ही मुलं गावाच्या वतीने जातात. ते लिहिलेलं आम्ही कुणाला दाखवणार नाही, पर्समध्येच ठेवू. पण उद्या कुणी आमच्या आई-बापाला दारात येऊन विचारलं की तुमच्या पोरीला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला, तर त्यांना 'गावाने' असं म्हणता आलं पाहिजे. डिसेंबरनंतर माझ्या वडिलांना चावडीवर हे विचारलं गेलं. ते गप्प घरी आले आणि जेवले नाहीत. मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दहाव्या-तेराव्यानंतरचं कामही आमच्याकडे द्या, ते आम्हाला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली तर हेलपाटे वाचतात. दाखला, सातबाऱ्यावर वारस नोंद, बँकेचं खातं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मुलांसाठी बालसंगोपन योजना. काकूची वारस नोंद व्हायला चौदा महिने लागले. कुणी अडवलं नव्हतं, कुठला कागद कुठे द्यायचा हेच घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि बाईमाणसाने एकटीने तलाठ्याकडे कसं जायचं म्हणून ती थांबली होती. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी कितीतरी मुलं आपल्या अभ्यासिकेत बसतात. त्यांना अर्ज भरायची, दाखले काढायची इतकी सवय आहे की एका घराचं सगळं काम त्यांना दोन दिवसांचं आहे. घरातला माणूस गेल्यावर बाईला पहिल्या महिन्यात सही कुठे करू नये हेही कुणीतरी सांगावं लागतं. हक्कसोडीचा कागद पुढे आला तर तो वाचून दाखवणारं माणूस तिच्या बाजूला असावं.

आणि एक मागणं पुरुषांकडे, वयाने मोठ्या. झिंजाडेंनी केलं तसं तुम्हीही जिवंतपणी लिहून ठेवा. स्टॅम्पपेपर नसला तरी चालेल, घरातल्या वहीत लिहा, मुलांना सांगा: माझ्यामागे तुमच्या आईला कुणी हात लावायचा नाही. मरणाचं बोलणं अभद्र वाटतं, मला कळतं. पण त्या दिवशी काकांचा शब्द घरात असता तर आजीचा हात थांबला असता. तिच्या मुलाची इच्छा तिने कधी मोडली नव्हती. माझ्या वडिलांनी गेल्या महिन्यात लिहिलं. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, चार ओळी, खाली तारीख. त्या चावडीच्या प्रसंगानंतर ते माझ्याशी या विषयावर पहिल्यांदाच बोलले, तेही लिहून.

माझ्या वयाच्या मुला-मुलींनाही इथेच सांगते, कारण हे पत्र त्यांच्याही फोनवर जाणार आहे. आपण सावित्रीबाईंच्या जयंतीला स्टेटस ठेवतो. सावित्रीबाई शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, शाहू महाराज गादीवर आले तेव्हा विशीचेही नव्हते, हे आपल्याला पाठ आहे. मी तेही पाठ केलं होतं आणि तरी तांब्या धरला होता. ज्यांच्या जिवावर वाढलो त्या माणसांसमोर, रडणाऱ्या घरात, आपल्याच आजीचा हात धरायला पोटातून जे लागतं ते स्टेटस ठेवून येत नाही. एकट्याने तर येतच नाही. म्हणून बरोबर या. डिसेंबरात आम्ही पाच नसतो, मी एकटीच असते, तर मी पुन्हा गप्प बसले असते, हे मी खरं सांगते.

या पत्रासोबत अर्ज जोडला आहे. त्यावर त्रेपन्न सह्या आहेत, अठ्ठावीस मुलींच्या आणि पंचवीस मुलांच्या. सगळे मतदार आहेत, यादीतला अनुक्रमांक प्रत्येकाच्या नावापुढे लिहिला आहे. शिवाय आणखी एक सही आहे, ती आमच्या वयाची नाही. अर्ज मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता. सकाळी बघितलं तर अगदी वर, पहिल्या ओळीच्याही वरच्या मोकळ्या जागेत, काकूने आपलं नाव लिहिलं होतं. नावाआधी काही लिहिलेलं नाही. नुसतं नाव.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की आम्ही सगळे सभेला थांबणार आहोत. सतरंज्या आम्हीच घालू.

आपली,
गावातली एक मतदार